कडेचा की आतला? डिफेन्सिव्ह लाइनच्या एका उन्हाळी शिबिराबद्दल

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. मुलगा अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीत, खेळत असेल आणि त्याने क्वार्टरबॅकवर (चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवर) कडेने जावं की मधल्या फळीतून घुसावं यावरून घरात रोज वाद होत असेल, तर या शिबिराला डोळे झाकून पाठवा. मुलगा एकूणच चांगला लाइनमन व्हावा असं वाटत असेल, तर एकट्या या शिबिरावर विसंबू नका.

डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात, गोदामाच्या रांगेतल्या एका शेडमध्ये हे भरतं. आत हिरवं टर्फ, ढकलून सराव करायच्या दोन-चार जड स्लेड, एका भिंतीला मोठा टीव्ही. शनिवार-रविवार मिळून दीडशे डॉलर. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत, कोच भला माणूस आहे, आणि इथे पालकांनी सकाळी लिहिलेलं संध्याकाळपर्यंत मैदानावर पोचतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांचे घोटे आणि खुबे तपासत असते, त्यामुळे माझी नजर जरा तिथेच जाते, तेवढं सांभाळून घ्या.

आमचे चिरंजीव पंधरा वर्षांचे, पाच फूट अकरा इंच, २२८ पौंड. शाळेचे कोच त्याला कधी एंडला (कडेला) उभं करतात, कधी टॅकलला (आत), आणि दोन्हीकडे तो थोडा थोडा चांगला खेळतो, हीच पंचाईत. त्याला स्वतःला कडेला खेळायचंय. इथल्या प्रत्येक मुलाला कडेलाच खेळायचं असतं. कडेने खेळणारा व्हॉन मिलर डॅलसच्या दक्षिणेला लागून असलेल्या डिसोटोचा. २०१६च्या फेब्रुवारीतल्या पन्नासाव्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्यात, त्याने समोरचा क्वार्टरबॅक कॅम न्यूटनच्या हातातून दोनदा चेंडू उडवला आणि सामन्याचा मानकरी ठरला. तेव्हा ही पोरं अगदी लहान होती, पण तो व्हिडिओ सगळ्यांना पाठ आहे. आतल्या माणसाचं पोस्टर कोण लावतो? तो तर ढिगाऱ्याखाली असतो.

ज्या आयांना अजून फक्त क्वार्टरबॅकच ओळखता येतो त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समोरच्या संघाच्या मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल (नाव तेच, पण हे समोरच्या संघाचे). आपला मुलगा कुणाच्या कुठल्या खांद्यासमोर उभा आहे, त्यावरून त्याच्या जागेचा आकडा ठरतो. सेंटरच्या नाकासमोर शून्य, गार्डच्या बाहेरच्या खांद्याला तीन, टॅकलच्या बाहेरच्या खांद्याला पाच, टाइट एंडच्याही (टॅकलच्या बाहेर उभा राहणारा समोरचाच खेळाडू) पलीकडे नऊ. या आकड्यांचं श्रेय टेक्ससच्याच बम फिलिप्स या कोचना दिलं जातं. त्यामुळे इथे शाळेतल्या पोरालाही ‘तू काय खेळतोस?’ विचारलं की तो ‘थ्री-टेक’ (म्हणजे तीनच्या जागेवर) म्हणून मोकळा होतो आणि आपण बघत राहतो.

शिबिराची खरी कमाई पहिल्या सकाळी आहे. पहिला बराच वेळ कुणी कुणाला धक्कासुद्धा मारत नाही. कोच नुसते बघतात. टर्फवर एक मोठं प्लास्टिकचं कडं टाकलेलं असतं, जेमतेम दोन मुलं हात पसरून उभी राहतील एवढं. मुलाने तीन बोटं टेकवून खाली बसायचं, चेंडू हलला की सुटायचं आणि त्या कड्याला घासून पळत वळसा घ्यायचा. गंमत अशी की पळणं महत्त्वाचं नाही, कलणं महत्त्वाचं. आतला खांदा इतका खाली गेला पाहिजे की आतला हात टर्फला लागेल, आणि तरीही पावलं क्वार्टरबॅकच्या दिशेने वळत राहिली पाहिजेत. टॅकल पाठीमागे सरकत सरकत याला बाहेर लोटत असतो. त्याच्या हाताखालून निसटून कोपरा कापायचा तर शरीर तिरपं करूनच जावं लागतं. सरळ उभ्याने गेलात की टॅकल तुम्हाला क्वार्टरबॅकच्या मागून फिरवून आणतो, म्हणजे तुम्ही पळालात खूप आणि पोचलात कुठेच नाही.

आमच्याकडे काय झालं? पहिली दोन पावलं झकास. पोरगं सुटतं गोळीसारखं. तिसऱ्या पावलाला वळायची वेळ आली की टाच उचलली जाते, गुडघा आत येतो आणि धड ताठ होतं. कड्यापासून हातभर लांब. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मला तिथेच कळलं, पण मी गप्प बसले. दीडशे डॉलर मी माझं मत ऐकायला दिले नव्हते. कोचनी त्याला भिंतीपाशी नेलं, पायाचा अंगठा भिंतीपासून चार बोटं लांब ठेवायला सांगितला आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकव म्हणाले. टेकला नाही. ही चाचणी आम्ही दवाखान्यात रोज करतो. घोटा पुढे वाकतच नसेल तर वेगात असताना शरीर कलणार कसं? एका फुटबॉल कोचने ‘पळ, अजून जोर लाव’ असं ओरडण्याऐवजी घोटा बघितला, यालाच माझे अर्धे मार्क.

मग त्यांनी मुलांना टीव्हीसमोर बसवलं आणि दोन आकडे सांगितले. तीन शंकू ठेवून त्यांच्याभोवती वळत पळायची एक चाचणी ड्राफ्टआधी, म्हणजे लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधी, घेतात. त्यात व्हॉन मिलरला लागले ६.७० सेकंद आणि अ‍ॅरन डोनाल्डला ७.११. म्हणजे वळसे घेण्यात डोनाल्ड मिलरच्या बराच मागे. आणि तोच डोनाल्ड पुढे आतून खेळून २०१७, २०१८ आणि २०२० अशा तीन वर्षी साऱ्या लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला; २०१८च्या एका हंगामात २०.५ सॅक (चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), तेही बहुतेक आतून. उंची सहा फूट एक इंच. आतल्या माणसासाठी बुटकाच म्हणायचा. ‘आता सांगा, वळता न येणं हा दोष आहे का?’ कोचनी विचारलं. मुलं गप्प. आमच्या पोराच्या चेहऱ्यावर मात्र पहिल्यांदा जरा उजेड दिसला.

याचं कारण सोपं आहे, पण मला इतक्या स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. क्वार्टरबॅक मागे सात-आठ यार्डांवर असतो आणि साधारण अडीच सेकंदांत चेंडू त्याच्या हातातून सुटतो. कडेच्या माणसाला त्याच्यापर्यंत जायला मोठा वळसा पडतो, पण मोकळी जागाही मिळते. त्यामुळे त्याला हवं पहिलं पाऊल, लांब हात आणि ते कलणं. आतल्या माणसाचा रस्ता सरळ आणि जवळचा. तो एक माणूस ओलांडला की समोर क्वार्टरबॅकच. पण तो ज्या खिडकीतून जाणार ती अर्ध्या सेकंदात बंद होते, कारण शेजारचा दुसरा माणूस मदतीला येतो. म्हणून आत पायांपेक्षा आधी हात जिंकावे लागतात. समोरच्याचे पंजे आपल्या छातीवर बसले की खेळ तिथेच संपला. शिवाय आतून दाब आला की क्वार्टरबॅकला पुढे सरकायला जागा राहत नाही. कडेने आलेल्याला तो एक पाऊल पुढे टाकून चुकवू शकतो. नाकासमोर आलेल्याला कुठे चुकवणार? २०२२च्या सुपर बोलमध्ये सिनसिनाटीचा शेवटचा डाव आठवा. चौथा डाऊन (चार प्रयत्नांतला शेवटचा), त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो, आणि आतून डोनाल्ड. बरोला डोनाल्डने गरकन फिरवला, चेंडू कसाबसा सुटला, जमिनीवर पडला आणि सामना संपला.

दुपारचं सत्र हातांचं, आणि तेच माझ्या मते सगळ्यात भारी. कोच दोन्ही मनगटांना जाड पॅड बांधून उभे राहतात, हात गार्डसारखे पुढे. मुलाने जवळच्या हाताने त्यांच्या कोपरावर फटका मारून ते बाजूला काढायचं आणि त्याच दमात दुसरा हात त्यांच्या खांद्यावरून पलीकडे टाकायचा. फटका मनगटावर बसला तर पुन्हा. छातीवर बसला तर पुन्हा. फटका आणि पाऊल एकाच वेळी पडलं नाही तरी पुन्हा. डोनाल्ड सरावाला खोटे चाकू वापरायचा, समोरचा चाकू खुपसायला येतो आणि याने हात झटकायचे, तो व्हिडिओ कोचनी दाखवला आणि हसत म्हणाले की आपल्याकडे विमा तेवढा नाही. मी हा भाग फोनवर टिपून कोल्हापूरला सासऱ्यांना पाठवला. त्यांचा लगेच फोन: ‘अगं, ही तर कुस्तीतली खडाखडी की! पोराला सांग, मान पडू देऊ नको.’ त्यांनी आयुष्यात फुटबॉल पाहिलेला नाही. पण कोचचंही म्हणणं नेमकं हेच, रविवारभर ते दुसरं काही बोललेच नाहीत: मान वर, खांदे खाली, समोरच्याच्या खांद्यांपेक्षा खाली.

इथे आमचं पोरगं खुललं. हात त्याचे लहानपणापासून चपळ. ताकदही खुब्यातून येते, नुसत्या दंडातून नाही. समोरच्या मुलाला आधी थेट छातीत रेटायचं, तो सावरण्यासाठी पुढे झुकला की त्याच्याच जोराने त्याला खेचून बाजूला टाकायचं, हा ढकल-ओढीचा डाव त्याला इतका पटकन बसला की एका सहा फूट तीन इंचाच्या पोराने दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर उभं राहायला नकार दिला. आई म्हणून मला जरा वाईट वाटलं. जराच.

कोच एकाच बाजूचं दळण दळत नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांनी दोन उलटसुलट उदाहरणं दाखवली आणि ती दोन्ही शाळेच्या कोचना दाखवावीत असं मला फार वाटलं. एक, कॅन्सस सिटीचा ख्रिस जोन्स. २०१८मध्ये आतून खेळून १५.५ सॅक. २०२१मध्ये संघाने त्याला कडेला हलवलं, जमलं नाही. हंगामाच्या मध्यावर कडेसाठी मेल्विन इंग्रमला आणलं आणि जोन्सला परत आत घेतलं. २०२२मध्ये पुन्हा १५.५. माणूस तोच, ताकद तीच, जागा फक्त दोन पावलं इकडची तिकडे. दुसरं उदाहरण याच्या उलट. २००८च्या फेब्रुवारीतला सुपर बोल, समोर एकही सामना न हरलेले पेट्रियट्स. जायंट्सनी पासच्या डाऊनला, म्हणजे समोरचे चेंडू फेकणार असं दिसलं की, आपला एंड जस्टिन टक आत, गार्डसमोर आणून उभा केला. गार्डांना जाड, हळू माणसांची सवय. याचे पाय त्यांना झेपेनात. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक ब्रेडीला त्या दिवशी पाच वेळा आडवं केलं, त्यातले दोन टकचे, आणि जायंट्स १७-१४ने जिंकले. म्हणजे प्रश्न नुसता ‘आतला की कडेचा’ एवढाच नाही. कितवा डाऊन आहे आणि समोर कोण उभा आहे हेही बघायचं. तिसरा डाऊन आणि आठ यार्ड बाकी असतील तर समोरचे बहुधा फेकणार, तेव्हा कडेच्या चपळ मुलाला आत घेणं शहाणपणाचं. पहिल्या डाऊनला समोरचे चेंडू घेऊन अंगावर धावले तर त्याच जागी तो चिरडला जाईल.

टेक्ससच्याच जॉन रँडलचं नाव त्यांनी नुसतं ओझरतं घेतलं, ते मला खटकलं. सहा फूट एक इंच, १९९०च्या ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंही नाही, आणि बहुतेक आतून खेळून कारकिर्दीत १३७.५ सॅक. ‘आपण लहान आहोत’ म्हणून खांदे पाडून बसलेल्या मुलांना हे अर्धा तास सांगायला हवं होतं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: इथे सगळं एकास एक आहे. आतला मुलगा गार्डसमोर उभा, डावीकडे मोकळं, उजवीकडे मोकळं, सेंटरचा पत्ता नाही. अशा मोकळ्या मैदानात हाताने थोडा चपळ असलेला प्रत्येक पोरगा स्वतःला डोनाल्ड समजू लागतो. खऱ्या सामन्यात तो एक हात जिंकतो तोवर सेंटरचा खांदा त्याच्या बरगडीत बसलेला असतो. दोघे मिळून अंगावर आले तर काय करायचं, एक गुडघा टेकवून तग कसा धरायचा, त्या दोघांच्या फटीत खुबा कसा घालायचा, याला रविवारी शेवटची काही मिनिटं मिळाली, तीही मुलं दमल्यावर. कोचना विचारलं तर म्हणाले, हे पास रशचं (चेंडू फेकणाऱ्यावर चाल करण्याचं) शिबिर आहे. बरोबर आहे. पण हायस्कूलमध्ये निम्म्याहून जास्त वेळ समोरचे चेंडू घेऊन अंगावर धावत येतात. पहिल्या दोन डाऊनला धाव अडवली, तर तिसऱ्याला तुम्हाला पास रश करायला मिळणार ना?

कडेच्या मुलांचं नुकसान याहून जास्त. त्यांना कडेचा नामांकित खेळाडू ड्वाइट फ्रीनीची गिरकी शिकवली. सगळे खूश. पण कडेच्या माणसाची एक जबाबदारी असते, क्वार्टरबॅकला बाहेरून निसटू द्यायचं नाही. गिरकी आतल्या बाजूला जाते आणि बाहेरचं दार सताड उघडं राहतं. आमच्या जिल्ह्यातले क्वार्टरबॅक हरणासारखे पळतात. ऑगस्टमध्ये शाळेच्या कोचचं पहिलं काम ही गिरकी विसरायला लावणं असणार, हे मी लिहून देते.

दुसरी तक्रार माझ्या धंद्यातली. एक मदतनीस कोच आतल्या मुलांना सरसकट ‘तीस पौंड वाढव’ सांगत होता. पंधरा वर्षांच्या मुलाला! आत टिकायला वजन लागतं, नाही कोण म्हणतं, पण मुळं धरून उभं राहणं खुबे, मांड्या आणि खाली बसण्याच्या सवयीतून येतं. पिझ्झाने वाढवलेले तीस पौंड फक्त गुडघ्यांना कळतात. मी त्याला बाजूला घेऊन बोलले. ऐकून घेतलं, पण दुसऱ्या दिवशी तोच मंत्र पुन्हा चालू होता.

आणि ‘तू कायमचा आतलाच’ असं जे मुख्य कोच ठामपणे सांगतात, तेही जरा तोलूनमापूनच घ्या. मुलं अजून वाढतायत. घोटा जर पोटरीच्या ताठरपणाने अडत असेल तर काही महिन्यांच्या नियमित व्यायामाने बराच मोकळा होतो. हाडालाच अडत असेल तर नाही होत, आणि हे तपासून सांगणारा माणूस तिथे नव्हता. जे. जे. वॉट कॉलेजच्या पहिल्या वर्षी टाइट एंड खेळत होता, ते सोडून विस्कॉन्सिनला गेला आणि डिफेन्सिव्ह एंड झाला. पुढे ह्यूस्टनकडून २०१२ आणि २०१४ अशा दोन हंगामांत प्रत्येकी २०.५ सॅक, कधी कडेने, कधी आतून. तेव्हा पंधराव्या वर्षी पाटी लावून टाकायची घाई कशाला?

बाकी किरकोळ. शेड जूनमध्ये तापते. दोन मोठे पंखे आहेत, त्यातला एक पालकांच्या खुर्च्यांकडे वळवलेला, तो मी उठून मुलांकडे वळवला. पाणी पुरेसं ठेवतात. प्रत्येक डाव चित्रित करून अ‍ॅपवर टाकतात, हे उत्तम, पण टाकतात फक्त जिंकलेले, वर संगीत लावून. मला हरलेले हवे होते. मागितल्यावर मिळाले, आणि त्यातल्याच एकात तिसऱ्या पावलाला उचललेली ती टाच इतकी स्पष्ट दिसते की शाळेच्या कोचशी वाद घालायची वेळच आली नाही. संपता संपता खाजगी शिकवणीचं पत्रक हातात देतात, तासाचा दर ऐकून मी हसले. पण भरीस पाडत नाहीत.

पाठवणार असाल तर लांब खिळ्यांचे बूट देऊ नका, टर्फचे द्या. गट वयावर पाडतात, वजनावर नाही, त्यामुळे नोंदणी करतानाच मुलाचं वजन कळवा आणि त्याच्या तोडीचा गार्ड आहे का विचारा. दोन्ही दिवस जमत नसतील तर फक्त शनिवार मागा. एकाच दिवसाचे पैसे घेतात, पण पानावर तसं लिहिलेलं नाही. आणि रविवारी दुपारी जे शिकवायचं राहिलं, ते दोघांच्या माऱ्यात तग धरणं, शाळेच्या कोचकडून मागून घ्या. आमच्याकडे ते ऑगस्टपासून चालू होतंय, थ्री-टेकच्या जागेवर.